मालक सातासमुद्रापलीकडे, घर बडोद्यात

बालरोगतज्ज्ञाने घराच्या कागदपत्रांवर लेख लिहावा, याचे काही सभासदांना नवल वाटेल. परंतु मनुष्याच्या आयुष्यातील पहिला सरकारी कागद, म्हणजे जन्माची नोंद, प्रसूतिगृहात आम्हा मंडळींच्या डोळ्यांदेखत तयार होतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या बाळांच्या वाढीचे तक्ते आम्ही भरले, त्यांपैकी अनेक जण आज न्यू जर्सी, लंडन, टोरांटो किंवा सिडनी येथे संसार करीत आहेत. त्यांचे आईवडील मात्र बडोद्यातच आहेत, आणि ज्या घरात ते राहतात ते घर पुष्कळदा त्या परदेशस्थ मुलाच्या नावावर असते. डिसेंबरच्या सुटीत नातवंडाला तपासायला आणणारे आजोबा तपासणी आटोपली की हळूच वेराबिलाची नाही तर मुखत्यारपत्राची गोष्ट काढतात. अशा प्रश्नांची संख्या वाढत गेली, तेव्हा वकील, चार्टर्ड अकाउंटंट आणि निबंधक कार्यालयातील जाणकार यांच्याकडून मी हा विषय समजून घेतला. त्याचे सार येथे मांडीत आहे.

मी कायद्याचा पदवीधर नव्हे. प्रत्यक्ष व्यवहाराच्या वेळी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावाच लागेल. पण रुग्णाला आपल्या आजाराची प्राथमिक माहिती असली म्हणजे डॉक्टरांशी बोलणे जसे सोपे जाते, तसेच येथेही आहे.

तीन राजवटींचे कागद

गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची घरे साधारण तीन प्रकारची आहेत. दांडिया बझार, रावपुरा, वाडी या भागांतील जुने वाडे. त्यानंतरच्या पिढीने सहकारी सोसायट्यांत बांधलेले बंगले. आणि अलीकडे मुलांनी परदेशातून पैसे पाठवून घेतलेले फ्लॅट.

जुन्या वाड्यांच्या कागदांनी तीन राजवटी पाहिल्या आहेत. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी गुजरात राज्य अस्तित्वात आले. त्यामुळे एकाच घराचा एखादा कागद मोडीत, दुसरा गुजरातीत आणि तिसरा इंग्रजीत सापडतो. सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर पणजोबांचे नाव तसेच राहिलेले असते. घरात राहणाऱ्यांना त्याची अडचण कधी जाणवत नाही. वेरा भरला जातो, वीज चालू असते. अडचण उभी राहते ती मालकी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत किंवा एका देशातून दुसऱ्या देशात जाताना.

अशा वेळी कोणतेही कार्यालय असो, ते मूलतः चारच गोष्टी विचारते. मालक कोण? तो आज कोणत्या देशाचा नागरिक आहे व कोठे राहतो? त्याच्या वतीने सही कोण करणार? आणि त्याच्या पश्चात कोण? सारे अर्ज, शिक्के आणि हेलपाटे या चार प्रश्नांभोवतीच फिरतात. म्हणून आपणही त्याच क्रमाने विचार करू.

पहिला प्रश्न: मालक कोण?

याचे उत्तर एका शब्दात देता येईल असे वाटते, परंतु बहुतेक अडचणी येथेच सुरू होतात. आपल्या समाजात विवाहानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, अनेक घरांत पहिले नावही बदलते. गुजरातेत शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते आणि नावापुढे 'भाई' किंवा 'बेन' जोडले जाते. घरी 'वसंतराव' म्हणून ओळखली जाणारी व्यक्ती खरेदीखतात 'वसंतभाई', पॅनकार्डावर 'वसंत' आणि अमेरिकन पासपोर्टवर वडिलांचे नाव वगळून केवळ नाव-आडनाव अशी लिहिलेली आढळते. माणूस एकच, पण दुय्यम निबंधकासमोर त्या तीन व्यक्ती ठरतात.

जन्मदाखल्याचीही तीच कथा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये बाळाचे नाव ठरण्यापूर्वीही जन्माची नोंद करता येते. नाव नंतर घालायचे असते. बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. बारशाच्या गडबडीत हे राहून जाते, आणि 'बाळ' किंवा रिकाम्या जागेचा दाखला वर्षानुवर्षे कपाटात पडून राहतो. हाच दाखला पुढे परदेशी नागरिकत्वाच्या अर्जात, ओसीआयच्या अर्जात आणि वारस म्हणून नाते सिद्ध करताना मागितला जातो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी या कायद्यातील दुरुस्ती अंमलात आली. त्या दिवशी व त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व आणखी वाढले आहे. शाळाप्रवेश, पासपोर्ट आदी अनेक कामांत तोच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा आहे. म्हणून माझ्या प्रसूतितज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांना विनंती आहे की, बाळाच्या दीड महिन्याच्या लसीच्या भेटीत "दाखल्यावर नाव घातले का?" हा एक प्रश्न आपण विचारावा. त्यासाठी अर्धा मिनिटही लागत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत उपाय असा. खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, वेराबिल, पॅन आणि पासपोर्ट हे सहा कागद एका टेबलावर मांडावेत व नावांची अक्षरे ताडून पाहावीत. फरक असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, आणि नाव कायमचे बदलले असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी किंवा विवाह नोंदणीचा दाखला, असा पुरावा मालक हयात असतानाच करून ठेवावा. "मी तोच" हे सांगण्यास त्याच्याइतका समर्थ साक्षीदार पुढे मिळणार नाही.

दुसरा प्रश्न: नागरिक कोठला, रहिवासी कोठला?

नागरिकत्व आणि निवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय पासपोर्ट असून परदेशात राहणारा तो अनिवासी भारतीय. परदेशाचे नागरिकत्व स्वीकारताच, नागरिकत्व अधिनियम, १९५५ नुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. मग भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यावे लागते. ही ओसीआयची सोय २००५ च्या दुरुस्तीनंतर प्रत्यक्षात आली. त्याला सोयीसाठी 'दुहेरी नागरिकत्व' म्हटले जाते, पण ते नागरिकत्व नव्हे. त्याने मतदानाचा हक्क मिळत नाही.

घराच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९, म्हणजे आपण ज्याला 'फेमा' म्हणतो, व त्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक यांना भारतात राहते घर किंवा व्यापारी गाळा घेण्यास रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागत नाही. पैसे मात्र बँकेमार्फत परदेशातून यावेत किंवा एनआरई, एनआरओ यांसारख्या खात्यातून द्यावेत. रोख डॉलर चालत नाहीत. शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वारशाने ती मिळू शकते, पण विकताना भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. भारतात राहत असताना घेतलेले घर परदेशी गेल्यावर सोडावे लागते, हा गैरसमज आहे. ते ठेवता येते.

येथे तीन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, मुलगा नोकरीनिमित्त परदेशी गेला की त्याचे साधे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घेणे आवश्यक असते. जुन्याच खात्यात भाडे जमा होत राहिले तर विक्रीच्या वेळी बँक तेथपासूनचा खुलासा मागते. दुसरी, पॅनच्या नोंदीत 'अनिवासी' ही स्थिती लावलेली नसते. अनिवासी व्यक्तींना पॅन-आधार जोडणीतून सूट होती, तरीही २०२३ च्या जुलैमध्ये पुष्कळांचे पॅन निष्क्रिय झाले, कारण खात्याच्या दप्तरी ते अजून भारतातच राहत होते. तिसरी गोष्ट नातवंडांची. परदेशात जन्मलेल्या नातवंडाचे ओसीआय "पुढे बघू" म्हणून राहून जाते. ते लहानपणीच काढावे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नियम सोपे केले. लहानपणी ओसीआय झालेल्याने वयाच्या वीस वर्षांनंतर नवा पासपोर्ट काढल्यावर कार्ड एकदाच पुन्हा करून घ्यायचे.

तिसरा प्रश्न: सही कोण करणार?

मालक दूर असल्याने त्याच्या वतीने वडील, भाऊ किंवा स्नेही सही करतात. त्यासाठी मुखत्यारपत्र लागते. इतका परिचित असून इतका अर्धवट समजलेला कागद दुसरा नसेल.

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ३३ प्रमाणे, परदेशात राहणाऱ्याने दिलेले मुखत्यारपत्र तेथील नोटरी, न्यायालय अथवा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर केलेले असले पाहिजे. मुलगा पंधरा दिवसांच्या सुटीत येथे आला असता घाईने स्टँप पेपरवर सही करून जातो, तेवढ्याने काम भागेलच असे नाही. परदेशी नोटरीसमोर केलेल्या कागदावर त्या देशाच्या अधिकाऱ्याचे 'अपोस्टिल' हे प्रमाणन घ्यावे. ज्या हेग कराराने ही सोय झाली तो भारतास १४ जुलै २००५ पासून लागू आहे. कॅनडा त्यात फार उशिरा, ११ जानेवारी २०२४ पासून आला. त्यामुळे तेथील नातलगांचे जुने अनुभव आता लागू नाहीत. अमेरिकेत हे प्रमाणन ज्या राज्यात नोटरी झाली त्या राज्याकडून मिळते.

एवढे करून कागद कुरियरने बडोद्यात आला म्हणजे काम संपले, असे समजू नये. परदेशात केलेला असा दस्त राज्यात प्रथम पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक कार्यालयातून त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे लागते. कागद देवघराच्या कपाटात सुरक्षित ठेवला आणि चौथ्या महिन्यात बाहेर काढला, तर पुन्हा सारे पहिल्यापासून. कुरियरचे पाकीट टाकून देऊ नये. कागद केव्हा आला त्याचा तो पुरावा आहे.

मुखत्यारपत्रात काय लिहिलेले आहे हेही पाहावे. 'सर्व कामे करण्याचा अधिकार' एवढ्या मोघम वाक्यावर निबंधक किंवा बँक समाधान मानीत नाही. भाड्याने देणे, सोसायटीच्या सभेला जाणे, वीजजोडणीचा अर्ज करणे, विक्रीच्या खतावर सही करणे, नोंदणीसाठी हजर राहणे, यांपैकी जी कामे अभिप्रेत आहेत ती स्वतंत्रपणे लिहावीत. जी नाहीत तीही "हा अधिकार दिलेला नाही" असे स्पष्ट लिहावे. वडिलांवर विश्वास असतोच. पण वडील रुग्णालयात असताना काम अडू नये म्हणून दुसऱ्या मुखत्याराचेही नाव असावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणारी व्यक्ती मृत्यू पावली किंवा तिची मानसिक क्षमता लोपली की मुखत्यारी संपते. अमेरिकेत 'ड्युरेबल' मुखत्यारपत्र असते. देणारा विस्मरणाने असमर्थ झाला तरी ते चालू राहते. तसे ते आपल्याकडे चालत नाही. डिमेन्शिया झालेल्या वृद्धाचे घर विकून त्याच्या उपचाराचा खर्च करावा, असे मुलांना वाटते. पण जुने मुखत्यारपत्र त्यावेळी निरुपयोगी झालेले असते व पालक नेमण्यासाठी न्यायालयात जावे लागते. निदान लवकर झाले असल्यास, आकलन शाबूत आहे तोवरच कुटुंबाला कागदांची आठवण करून देणे हे आपल्या न्यूरॉलॉजी व मनोविकारशास्त्रातील सभासदांचे मोठे साहाय्य ठरेल.

मुखत्यारपत्रावर 'विकत घेतलेली' घरेही पाहण्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात हे निःसंदिग्ध केले आहे की, अशा कागदाने मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखतच लागते.

भाडे, विक्री आणि कर

मालक अनिवासी झाला की भाडेकरूची आणि खरेदीदाराचीही जबाबदारी बदलते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. भाडेकरूने भाड्यातून कर कापायचा असतो, तो निवासी मालकाच्या नियमाने नव्हे, अनिवासी मालकाच्या नियमाने; आणि त्यात लहान भाड्यांना मिळणारी सूट नाही.

विक्रीत हा फरक मोठा होतो. निवासी विक्रेत्याचे घर ५० लाख रुपये वा अधिक किमतीचे असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत भांडवली नफ्याच्या दराने कर कापावा लागतो. नफा किती हे खरेदीदाराला ठरविता येत नसल्याने, सावधगिरी म्हणून तो संपूर्ण किमतीवर कापतो. हे टाळण्यासाठी विक्रेत्याने आयकर अधिकाऱ्याकडून कमी दराने कपात करण्याचे प्रमाणपत्र आधीच घ्यावे. त्याला काही आठवडे लागतात. म्हणून बाणाखत होताच अर्ज करावा, खरेदीखताच्या आदल्या दिवशी नव्हे.

२३ जुलै २०२४ पासून, चोवीस महिन्यांहून अधिक काळ मालकीत असलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के दर आहे व महागाई निर्देशांकाचा लाभ नाही. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी २० टक्के व निर्देशांक हा जुना पर्याय निवासी व्यक्तींना ठेवला आहे. अनिवासींना तो नाही. १९७० किंवा ८० च्या दशकातील बंगला असल्यास १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल करून ठेवावा. आयकराचा २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी आहे व त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या फायलीतील क्रमांकांवर विसंबून राहू नये.

विक्रीचे किंवा वारशाचे पैसे एनआरओ खात्यातून परदेशी नेण्याची मर्यादा एका आर्थिक वर्षात दहा लाख अमेरिकन डॉलर आहे. त्यासाठी कर भरल्याबद्दलची कागदपत्रे व चार्टर्ड अकाउंटंटचे प्रमाणपत्र बँक मागते.

दुसऱ्या टोकालाही सरकार आहेच. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावावरील भारतातील घर 'एफबार'मध्ये दाखवावे लागत नाही, परंतु भाडे तेथील विवरणात दाखवावे लागते, आणि परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर एनआरओ खाते दाखवावे लागते. कॅनडात एक लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक मूळ किमतीची, भाड्याने दिलेली परदेशी मालमत्ता वेगळ्या अर्जात कळवायची असते.

उलट दिशेचा एक प्रसंगही सांगतो. मुलगा परदेशात घर घेतो आणि प्रेमाने आईवडिलांचे नाव सहमालक म्हणून घालतो. आईवडील भारतात निवासी असतील तर त्यांना ते घर आपल्या आयकर विवरणात परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवणे आवश्यक आहे. न दाखविल्यास काळा पैसा प्रतिबंधक अधिनियम, २०१५ अन्वये दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून लहान रकमांना जी सवलत मिळाली, तीतून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना याची कल्पनाही नसते.

चौथा प्रश्न: पश्चात कोण?

एक उदाहरण घेऊ. असे समजा की, मुलाने आईवडिलांना राहण्यासाठी अलकापुरीत फ्लॅट घेतला, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. वडिलांकडे मुखत्यारपत्र आहे. वेरा, मेंटेनन्स, दुरुस्ती ते पाहतात. दुर्दैवाने मुलाचा परदेशात अकाली मृत्यू होतो. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन अल्पवयीन मुले आणि येथे आईवडील.

त्या क्षणी मुखत्यारपत्र संपले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे पत्नी, दोन मुले आणि आई. प्रत्येकी एक चतुर्थांश. आईला हिस्सा आहे. वडिलांना नाही, ते दुसऱ्या वर्गात येतात. ज्यांनी दहा वर्षे ते घर सांभाळले त्यांचे कागदोपत्री त्यात काहीही नाही. नॉमिनी म्हणून वडिलांचे नाव सोसायटीत असले, तरी नॉमिनी हा मालक होत नाही; तो वारसांच्या वतीने सांभाळणारा.

आता सून म्हणते की, हा फ्लॅट सासूसासऱ्यांनाच असू द्यावा, आम्हाला नको. भावना चांगली आहे, पण तसे करणे तिच्या हातात पूर्णपणे नाही. ती स्वतःचा चौथा हिस्सा नोंदणीकृत हक्ककमीच्या लेखाने सोडू शकते. दोन मुलांचा मिळून अर्धा हिस्सा मात्र सोडू शकत नाही, कारण हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार अज्ञान बालकाची स्थावर मिळकत आईलाही न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता किंवा देता येत नाही. बालकाच्या हिताचे रक्षण करणारी ही तरतूद योग्यच आहे. परंतु तोपर्यंत प्रतीक्षा करणारे आजी-आजोबा सत्तरी-पंच्याहत्तरीचे असतात. त्यातच अपोस्टिल केलेला मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडचे पेढीनामे, सर्व वारसांचे प्रतिज्ञालेख, आणि शहराचा तो भाग १९९१ च्या कायद्याखाली अधिसूचित असल्यास हस्तांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अशी माळ लागते. पुत्रशोक ताजा असताना वृद्ध मातापित्यांनी या दारोदार फिरायचे.

एका पानाच्या मृत्युपत्राने यातील बहुतेक टळले असते. मृत्युपत्रास मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात व त्यांनी मृत्युपत्रकर्त्याच्या समक्ष सह्या करायच्या असतात. परदेशी केलेल्या मृत्युपत्रात तेथील मालमत्तेबरोबर भारतातील घर मोघमपणे गुंफू नये. भारतातील मिळकतीपुरते वेगळे मृत्युपत्र करावे, आणि एकाने दुसरे रद्द होणार नाही असे दोन्हींत लिहावे. तेथील वकील छापील मसुद्यात "पूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य घालतो, आणि बडोद्यातील मृत्युपत्र नकळत बाद होते.

गोव्यात आपले नातेसंबंध असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, तेथील नियम वेगळे आहेत. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार सामान्यतः पतिपत्नीची मालमत्ता समाईक असते आणि मुले असल्यास अर्ध्याहून अधिक भाग मृत्युपत्राने अन्यत्र देता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील भारतातील मिळकतीलाही तेच नियम लागू होतात. मुलीचे सासर किंवा सुनेचे माहेर म्हापशाचे असेल तर बडोद्याचा नमुना तेथे चालणार नाही.

डॉक्टर म्हणून आपले काम

मृत्युपत्रावर "मानसिकदृष्ट्या सक्षम" असे प्रमाणपत्र देण्यासाठी आपल्याला बोलावणे येते. ओळखीच्या घरात नकार देणे अवघड जाते, म्हणून पुष्कळदा सही दारातच होते. तसे करू नये. व्यक्तीला वारसांपासून वेगळे घेऊन बोलावे. तारीख, स्थळ, आपली मालमत्ता कोणती, जवळचे कोण, घर कोणाला व का द्यायचे आहे, हे तिच्याच शब्दांत ऐकावे. भूल, झोपेची औषधे किंवा तापातील भ्रम नाही याची खात्री करावी. आणि ही निरीक्षणे वेळेसह लिहून एक प्रत स्वतःकडे ठेवावी. दहा वर्षांनी न्यायालयात तोच कागद आपल्याला आणि त्या कुटुंबाला उभे राहण्यास आधार देईल. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने तरुण व बडोद्यात राहणारा असावा.

कागदांचे वेळापत्रक

लसीकरणाचे वेळापत्रक जसे वयाप्रमाणे असते, तसे येथेही करता येईल.

जन्मानंतर वर्षाच्या आत: दाखल्यावर नाव, परदेशी जन्मलेल्या नातवंडाचे ओसीआय.

परदेशी जाताना: खाते एनआरओ, पॅनमध्ये अनिवासी नोंद, नावांची ताडणी.

घर घेताना: बँकेमार्फत आलेल्या पैशांचे पुरावे कायमचे जपणे, खरेदीखत व इन्डेक्स-२ ची प्रत, सोसायटी, सिटी सर्व्हे, वेरा आणि वीज कंपनी या चारही ठिकाणी नाव चढविणे.

घर घेतल्याच्याच वर्षी: भारतातील मिळकतीपुरते मृत्युपत्र.

मुखत्यारपत्र: कामांची स्पष्ट यादी, दुसरा मुखत्यार, तीन महिन्यांत मुद्रांक.

दर वर्षी: वेराबिल भरल्याची पावती, प्रॉपर्टी कार्डाची ताजी नक्कल, आणि गुजराती कागदांचा इंग्रजी सारांश. मुले इंग्रजी माध्यमात शिकली. त्यांना गुजराती वाचता येत नाही आणि नातवंडांना मराठीही. फाइलच्या पहिल्या पानावर कोणता कागद काय आहे हे इंग्रजीत लिहून ठेवावे.

विक्री ठरताच: कमी कर-कपातीचा अर्ज.

यांतील एकही काम अवघड नाही. सगळी एकदम, शोकात किंवा आजारपणात, साता समुद्रांच्या अंतरावरून करावी लागतात तेव्हा ती अवघड होतात. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला माझी सूचना अशी आहे की, मुले मायदेशी येतात त्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ या विषयासाठी राखावी. एक वकील, एक चार्टर्ड अकाउंटंट आणि निवृत्त निबंधक अधिकारी यांना बोलवावे. सभासदांनी आपापली फाइल आणि शक्य तर आपला परदेशस्थ मुलगा किंवा मुलगी यांना घेऊन यावे. मृत्युपत्रासाठी साक्षीदार म्हणून डॉक्टर तेथे हवे तेवढे असतील.